काटा पुन्हा वर आला

१

मोटारीच्या तेलाचा एक डबा चोरून विकला तर माणसाच्या पदरात काय पडतं, याचा हिशेब चिंतामणराव भडकमकर सातारारोडला आगगाडीत बसले तेव्हापासून मांडत होते, आणि सांगली आली तरी तो जुळत नव्हता.

साल सेहेचाळीस. लढाई संपली होती, पण लढाईने पळवून नेलेल्या वस्तू अजून बाजारात परतल्या नव्हत्या. चांगल्या तेलाला चोरबाजारात गिऱ्हाईक होतं हे खरं. म्हणजे जोतीराम लाडच्या जमेला काय? स्वतःला एक बरं धोतर, बहिणीला लुगडं आणि उरल्यात थोड्या विड्या. आणि नावे? अण्णांकडची नोकरी, ड्रायव्हरचं लायसन, आणि कुंडलात त्याचा बाप मान वर करून चालतो, ते चालणं. असा सौदा जोतीरामने केला असेल तर तो चोर होताच, पण त्याहून जास्त मूर्ख होता. आणि मूर्ख माणसाला चिंतामणरावांनी उभ्या नोकरीत कधी पास केलं नव्हतं.

नोकरी म्हणजे मोटार-इन्स्पेक्टरची. सातारा जिल्ह्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या परीक्षा त्यांनी घेतल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या शिव्या खाल्ल्या. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एकाच माणसासाठी शब्द टाकला होता, तो हा जोतीराम. ब्रह्मदेशच्या आघाडीवर फौजेचे ट्रक हाकून परत आलेला. सांगलीचे हळदीचे व्यापारी बाहुबलीअण्णा मगदूम यांच्याकडे तो लागला तो त्यांच्याच शब्दावर. आणि आता अण्णांचं पत्र आलं होतं : ‘तुमच्या माणसाने चांगलं तेल विकून शेंगतेल भरलं. इंजिन खलास. तुमच्या शब्दाला मान म्हणून फौजदाराकडे जायचा थांबलो आहे. येऊन डोळ्यांनी पाहा.’

म्हणजे जोतीरामच्या लायसनबरोबर चिंतामणरावांचा शब्दही फौजदाराच्या दारात उभा होता.

अण्णांची पेढी हळदीच्या वासाने पिवळीधमक झालेली. मागच्या चौकात मोठी काळी मोटार कापडाखाली झाकून ठेवली होती. घरातलं कुणीतरी आजारी असावं तशी.

“बघा इन्स्पेक्टरसाहेब,” अण्णा म्हणाले. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त माणूस. “साताऱ्याला निघालो वकिलाकडं. इस्लामपूर मागं टाकलं आणि तेलाच्या दाबाचा काटा भुईला टेकला. हा गडी म्हणतो, पुढं नेत न्हाई, इंजिन बसंल. मग? मग बैल जुंपले मोटारीला! सांगलीच्या भर पेठेतनं बैलांनी ओढत आणली माझी मोटार. पोरं मागनं ओरडत होती.”

चिंतामणरावांनी मनात टिपून ठेवलं : अण्णांना इंजिनाचं दुःख थोडं आहे, बैलांचं फार.

“जोतीराम कुठं आहे?”

“दारात बसलाय. घरात पाऊल टाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय. आणि पेठेत उभा राहून मी सांगितलं सगळ्यांना, माझ्या ड्रायव्हरनं तेल चोरलं म्हणून. कुंडलचे गाडीवान शेंगा घेऊन आलेले, त्यांनी पण ऐकलं. ऐकू दे की!”

मोटारीभोवती दोन माणसं उभी होती. एक नानासो, सांगलीतला गॅरेजवाला. दुसरा अण्णांचा धाकटा चुलतभाऊ भाऊसो, केसांना सुवासिक तेल आणि तोंडात कायम मत.

“बेरिंगं गेली,” नानासो म्हणाला. “इंजिन उतरवायचं. माल मुंबईहून मागवायचा. काम मोठं हाय साहेब.” ‘मोठं’ म्हणताना त्याचे डोळे प्रेमाने ओलावले.

“कसली बेरिंगं!” भाऊसो म्हणाला. “शेंगतेल हाय आत. माझं सुरवातीपासनं हेच म्हणणं हाय. मोटार माझ्या हाती दिली असती तर हे झालंच नसतं.”

म्हणजे बेरिंगं गेली असतील तर नानासोचं साल चांगलं जाणार होतं, आणि जोतीराम गेला तर स्टिअरिंग भाऊसोच्या हाती येणार होतं. दोघांनाही आपापलं निदान फार आवडलेलं होतं. आवडत्या निदानाचा चिंतामणरावांना मूळचाच संशय.

“अण्णा,” ते म्हणाले, “घरातली एक लोखंडी पळी चुलीवर लाल होईतो तापवायला सांगा. आणि इंजिनातलं थोडं तेल वाटीत काढा. चोरी झाली की नाही, हे पळीच सांगेल.”

२

तापलेल्या पळीवर तेलाचा थेंब पडला आणि चर्र करून धूर उठला. भाऊसो नाक पुढे करून उभाच होता. त्याला भज्यांचा वास यायला हवा होता. आला तो काळा, कडवट, घशाला झोंबणारा वास. तो ठसकत मागे सरला.

मग चिंतामणरावांनी स्वयंपाकघरातलं शेंगतेल मागवून त्याचा एक थेंब टाकला. चौकभर सणासुदीचा घमघमाट सुटला.

“हे तुमचं शेंगतेल. ते मोटारीचं तेल,” ते म्हणाले. “अस्सल आहे. यात चमचाभर खाद्यतेल असतं तरी आत्ता सगळ्यांना भूक लागली असती.”

अण्णांनी पळीवर वाकून वास पुन्हा घेऊन पाहिला. पण पेठेत बोललेला माणूस इतक्यावर मागे येत नाही. “तेल खरं, तर काटा का पडतो?” ते म्हणाले. “ह्यानं कायतरी केलंयच.”

“ते पाहायला मोटार चालवावी लागेल. मी, नानासो आणि जोतीराम.”

जोतीराम दारातून उठून आला. उंच, वाळका, फौजेतला खाकी सदरा अजून अंगात. त्याने चिंतामणरावांना सॅल्यूट ठोकला आणि लगेच खाली बघितलं.

“सायब, तुमच्या शब्दाला बट्टा लागला.”

“अजून लागलेला नाही. बस.”

मोटार सुरू झाली. काट्याने उडी मारून आपली नेहमीची जागा घेतली आणि तिथे खिळून राहिला. मिरजेच्या रस्त्याला लागले तरी तो ठाम. चिंतामणराव शेजारी बसून कधी काट्याकडे, कधी जोतीरामच्या कानशिलाकडे बघत होते.

“तेल कधी बदललंस?”

“साताऱ्याला निघायच्या आदल्या दिशी. मिरजंवरनं नवा डबा आणला हुता, त्यो घातला.”

“त्याआधी काटा पडायचा?”

“कवाच न्हाई.”

“डबा कुठे होता?”

“कोठीत. पाचसा दिस पडून हुता.”

“तुझ्याशिवाय त्याला कुणी हात लावला?”

“न्हाई.”

हे ‘न्हाई’ फार चटकन आलं. बाकी प्रत्येक प्रश्नाला जोतीराम क्षणभर थांबून, आठवून उत्तर देत होता. या एकाला त्याने आठवलंच नाही. परीक्षेत ‘ब्रेक लागतात का’ विचारल्यावर ज्यांचे ब्रेक लागत नसत ते असंच उत्तर देत.

चिंतामणराव काही बोलणार, तेवढ्यात काटा हलला. उतरणीला लागल्यासारखा तो हळूहळू खाली येऊ लागला, आणि बॉनेटखालून भांडी घासल्यासारखा खडखडाट सुरू झाला.

“थांबव.”

जोतीरामने आधीच गाडी बाजूला घेतली होती.

“बघा!” नानासो मागून म्हणाला. “इंजिन तापलं, तेल पातळ झालं, ढिल्या बेरिंगांतनं गळून गेलं. काटा पडणारच की. मी म्हणलो नव्हतो?”

“म्हणालात. विडी आहे?”

तिघे लिंबाखाली बसले. विडी ओढून होईतो चिंतामणरावांनी बेरिंगांबद्दल चकार शब्द काढला नाही. सांगलीच्या भेळेबद्दल आणि पेन्शनीतल्या माणसाला घरात किती कामं सांगतात याबद्दल बोलले. मग उठले आणि बॉनेटमध्ये हात घालून झटक्यात मागे घेतला. इंजिन चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं होतं.

“नानासो, तुम्हीही हात लावा.”

“लावतोय कशाला? भाजंल की.”

“म्हणजे इंजिन गरम आहे, हे तुम्हाला मान्य. जोतीराम, सुरू कर.”

इंजिन सुरू झालं. आणि काटा, मघाशी भुईला टेकलेला काटा, सरळ उठून आपल्या जागी जाऊन बसला.

नानासोने पुढे वाकून मीटरच्या काचेवर बोट वाजवलं. चिंतामणराव त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

“नानासो, तेल गरमच. म्हणजे पातळच. बेरिंगं ढिली असतील तर विडी ओढेपर्यंत ती काही घट्ट होत नाहीत. मग काटा वर आला कसा?”

“मीटर बिघडलं आसंल.”

“मीटर बिघडून इंजिनातले टॅपेट वाजतात का? तो खडखडाट खरा होता. नाही, मीटर खरं बोलतंय. या इंजिनाच्या पोटात काहीतरी आहे. इंजिन चाललं की ते तेलाबरोबर ओढलं जाऊन घशाशी गोळा होतं, आणि थांबलं की सुटून खाली बसतं. चला परत. खालचं चेंबर उघडायचं.”

स्टिअरिंगवरचे जोतीरामचे हात एकदम घट्ट झाले. घशाशी काय आहे, हे न उघडताच कळल्यासारखे.

३

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचा पसरट डबा असतो, त्याला चेंबर म्हणतात. तेल त्यात साठतं. पंप ते एका जाळीतून वर ओढतो आणि इंजिनभर फिरवतो. जाळी म्हणजे इंजिनाचा घसा. तो आवळला तर चेंबर भरलेलं असूनही इंजिन उपाशी मरतं.

नानासो आणि जोतीराम मोटारीखाली पडले. अण्णा खुर्ची टाकून बसले, भाऊसो उभ्याने देखरेख करत होता. तेल पातेल्यात काढलं, बोल्ट सुटले, चेंबर खाली आलं.

“आयला,” नानासो मोटारीखालून म्हणाला.

जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पिवळट, बुळबुळीत थर बसला होता, घोंगडीसारखा दाट. चिंतामणरावांनी तो चिमटीत उचलला, रॉकेलमध्ये खळबळला, उन्हाला धरला.

“कापूस?” अण्णा म्हणाले.

“कापसासारखं काहीतरी.”

“चिंध्या!” भाऊसो ओरडला. “अण्णा, चिंध्या कोंबल्या इंजिनात! मुद्दाम!”

अण्णा खुर्चीतून उठले. चोरीचा आरोप फोल ठरला होता, ते त्यांना मनातून लागलं होतं. आता त्याहून थोरला सापडला. “तेल चोरलं नसंल, पण माझी मोटार मारायला निघाला हा! मी शेटजी, मी मोटारीत बसतो, म्हणून? कुंडलचा तू. तिकडची शेटजींवर उठलेली डोकी मला ठाऊक हाईत!”

जोतीराम मोटारीखालून बाहेर आला. तोंडाला तेल, हाताला तेल. त्याने त्या लगद्याकडे बघितलं, आणि त्याची नजर नकळत वळली ती स्वयंपाकघराच्या दाराकडे. क्षणभरच. मग तो मातीकडे बघत उभा राहिला.

“फौजदाराकडं जातो मी,” अण्णा म्हणाले.

“जा,” चिंतामणराव शांतपणे म्हणाले. “पण चहा झाल्यावर. तोवर मला घरातल्या दोन माणसांशी बोलायचंय. फौजदार विचारील ते मी आधी विचारलेलं बरं.”

४

पहिला भाऊसो. त्याला चिंतामणरावांनी कोठीत नेलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यापाशी उभं केलं.

“याचं बूच कुणी काढलं होतं?”

“मला काय ठाऊक?”

“तुमची सायकल दारात आहे. तिच्या साखळीला चकचकीत नवं तेल आहे. तसलं महाग तेल सायकलला घालणारा माणूस सांगलीत मी दुसरा पाहिला नाही.”

भाऊसोचं मत प्रथमच तोंडात अडकलं. “वाटीभर घेतलं,” तो पुटपुटला. “संध्याकाळची वेळ. कंदील ठेवला डब्याशेजारी. आणि... बूच लावायचं ऱ्हायलं. सकाळी बघतो तर दिव्यावरचे किडे पडलेले डब्यात. मी परत बूच लावून टाकलं. अण्णांना नका सांगू. मोटारीचं कधी नावच काढता येणार न्हाई मला.”

“किडे पडलेले होते?”

“लय.”

चिंतामणरावांनी जाळीवरचा लगदा नीट पाहिला होता. त्यात एकही किडा नव्हता, पंखसुद्धा नाही. म्हणजे डब्यात पडलेले किडे डब्यातून निघून गेले होते, आणि जे डब्यात नव्हतं ते इंजिनात आलं होतं. कुणीतरी या दोन गोष्टींची अदलाबदल केली होती.

दुसऱ्या कस्तुरीआक्का, अण्णांच्या आई. परसात विहिरीपाशी त्या पाणी गाळत होत्या. पांढरं लुगडं, अंगाने काडी, नजर मात्र सुईत दोरा ओवील अशी. हंड्याच्या तोंडावर दुहेरी जाड कापड, त्यावर पोहऱ्याची धार. पाणी गाळून झालं तसं त्यांनी कापड उचललं, अलगद उलटं केलं, गाळलेलंच पाणी त्यावरून सोडलं आणि ते धुवण पोहऱ्यातून परत विहिरीत उतरवलं. कापड पिळलं नाही. पिळलं की सूक्ष्म जीव मरतात.

“जिथला जीव तिथं,” त्या चिंतामणरावांकडे न बघता म्हणाल्या. “पाणी देऊ का तुमाला? गाळलेलं हाय.”

चिंतामणराव पाणी प्यायले. भांडं खाली ठेवताना त्यांना सगळं दिसलं. इतकं स्वच्छ, की त्यांना वाईट वाटलं.

“आक्का, जोतीराम कसा गडी आहे?”

“सोन्याचा. लढाईवरनं आला तवा हिवतापानं पार वाळला हुता. ह्याच परसात निजवला, पेज पाजली. तवापासनं मला आईच मानतो. आणि चेष्टा तर किती करतो!” त्या हसल्या. “परवा डब्यात किडे पडलेले दाखवले मला. म्हणतो कसा, आक्का, हे सगळे आता इंजिनात जाऊन तळून निघणार, आणि मोटारीत बसणार तुमी. पाप कुणाच्या नावावर लिहू?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“करणार काय? गाळलं.”

 आक्का सांगत राहिल्या.

“पाण्याचं कापड तेलाला कसं लावू? माझ्या सुनेनं चरख्यावर काढलेलं सूत हुतं, त्याचं नवं कापड कोष्ट्याकडनं आलेलं, जाडंभरडं, पाणी न लागलेलं. ते दुहेरी केलं. तेल दाट, उतरंना. उन्हात ठेवून पातळ केलं. काही किडे हलत हुते, ते परसात पानावर ठेवले, मेलेले वेचून मातीत घातले. मग कापड उलटं करून त्यावरनं तेल सोडलं आणि परत डब्यात घेतलं. जिथलं तिथं. आणि जोतीरामला दिलं, की घाल आता, कुणाचा जीव न्हाई जायचा.” त्या थांबल्या. सुईसारखी नजर चिंतामणरावांवर येऊन ठरली. “का विचारताय? त्यात माझं काय चुकलं?”

चिंतामणरावांनी आयुष्यात पुष्कळांना नापास केलं होतं. त्यांतला एकही एवढा पास होण्यासारखा नव्हता. तेवढ्यात चौकातून जोतीरामचा आवाज आला, मोठा, परेडवर असावा तसा :

“अण्णा! चिंध्या म्याच टाकल्या. न्या मला फौजदाराकडं.”

५

ते चौकात पोचले तेव्हा अण्णांनी पागोटं डोक्यावर ठेवलंही होतं.

“ऐकलंत ना? कबूल केलं त्यानं!”

“ऐकलं. जोतीराम, कुठल्या चिंध्या टाकल्यास?”

“धोतराच्या. जुन्या.”

“कशा?”

“फाडून, तेल घालतो तिथनं.”

“अण्णा, पागोटं काढा,” चिंतामणराव म्हणाले. “आणि हे बघा.” त्यांनी रॉकेलमध्ये धुतलेला लगदा कागदावर पसरला. “चिंधी म्हणजे विणलेला तुकडा. तिला आडवा-उभा धागा असतो. यात एक तरी धागा दाखवा. नुसती कूस आहे, म्हणजे कापडाचे सुटे बारीक तंतू, भुकटीसारखे. पंपाने धोतर चावून खाल्लं तरी अशी कूस होत नाही. ही कापडावरून सुटून आलेली आहे. म्हणजे इंजिनात कापड गेलं नाही. तेल कापडातून गेलं. नव्या, न धुतलेल्या, हातसुताच्या कापडातून. तेल फिरू लागलं की आधी ही कूस तेलात विखुरते, काटा ठाम राहतो. थोड्या वेळाने सगळी जाळीवर गोळा होते, काटा पडतो. इंजिन थांबलं की ओढ सुटते, कूस खाली बसते, काटा वर येतो. एवढाच आजार.”

“तेल गाळलं? मोटारीचं तेल कोण गाळंल?” अण्णा म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांचा आवाज बारीक झाला. त्या घरात न गाळलेलं काही चुलीवरही जात नव्हतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

“म्याच गाळलं,” जोतीराम घाईने म्हणाला.

“मघाशी चिंध्या टाकल्या होत्यास.”

“सायब, तुमी गप ऱ्हावा. पाया पडतो.” त्याने हात जोडले. मग हळू आवाजात, फक्त चिंतामणरावांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मागं आक्कानी पेढीवरच्या हळदीत किडं हाईत म्हणून सौदा थांबवला, तवा अण्णा म्हनले, पुन्यांदा धंद्यात हात घातला तर शेडबाळला बहिणीकडं पाठवतो. मला दुसरी गाडी मिळंल, सायब. त्यांना दुसरं घर कुठं मिळायचं? आन् किडं तळायचं मीच बोललो हुतो. चेष्टा माजी.”

“लायसन जाईल तुझं. गाडी कुठली मिळणार?”

“हमाली मिळंल.”

“मी गाळलं, बाहुबली.”

कस्तुरीआक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं असावं. त्या चौकात आल्या आणि अण्णांच्या समोरून सरळ जोतीरामपाशी गेल्या.

“माझ्यापायी तुला चोर म्हणाले, आणि तू मला सांगितलं न्हाईस?” त्यांनी हात जोडले. “क्षमा कर रं बाबा.”

“आक्का, आवं, काय करताय!” जोतीराम एकदम मागे सरला. तेलकट हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

मग आक्का मुलाकडे वळल्या. “शेडबाळला कवा निघू?”

अण्णांनी पागोटं हातात घेतलं, फिरवलं, परत ठेवलं. पेठेतल्या बैलांपासून साठवलेला सगळा राग त्यांच्या तोंडावर आला, आणि कुणावर काढावा हे न सुचून तिथेच विरला.

“आई,” ते म्हणाले, “तू कुठं जायचं न्हाई. जोतीराम... चुकलं माझं.”

“हे तुम्ही चौकात म्हणालात,” चिंतामणराव म्हणाले. “चोर पेठेत म्हणाला होतात. आणि ते कुंडलच्या गाडीवानांनी शेंगांच्या रिकाम्या पोत्यांबरोबर गावी नेलं. त्याचं काय?”

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. काटा पुन्हा भुईकडे झुकतो की काय, असं सगळ्यांना वाटलं.

“जाळी साफ करा आधी,” ते शेवटी म्हणाले. “मग बघू मोटार कुठं न्यायची ते.”

६

चेंबर रॉकेलने धुतलं, जाळी ब्रशाने तार न् तार मोकळी केली, पंपाची नळी फुंकून पाहिली. भाऊसो सायकलवरून मिरजेला जाऊन नवा डबा घेऊन आला; परत येताना उलटा वारा होता, त्याची कुणी दखल घेतली नाही. तेल ओतताना आक्का लांबून बघत होत्या. चिंतामणरावांनी बारीक तारेच्या जाळीचं नरसाळं लावलं आणि म्हणाले, “आक्का, हेही गाळणंच आहे. फक्त याला कूस नाही.” त्यांनी जवळ येऊन ते नीट पाहिलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघाली. पेठेतून जाताना अण्णा नेहमीसारखे मागे बसले नाहीत. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. हळदीच्या वखारीपाशी, तेल्याच्या दुकानापाशी, जिथे जिथे त्या दिवशी बैल थांबले होते तिथे तिथे त्यांनी मोटार थांबवली आणि सांगितलं. सोपं गेलं नाही. दोन ठिकाणी लोक हसले. पण ही पेठ त्यांची होती. इथे हसणाऱ्याला उद्या उधारी लागणार होती.

कुंडल त्यांचं नव्हतं.

जोतीरामची एकच अट होती. “आक्कांचं नाव गावात निघायचं न्हाई.” म्हणजे अण्णांना ‘माझ्या आईने केलं’ असंही म्हणायची सोय उरली नव्हती.

सांगलीपासून कुंडलपर्यंत काटा आपली जागा सोडून तसूभर हलला नाही. चिंतामणराव मागे बसून त्याच्याकडे बघत होते, आणि अण्णा रस्त्याकडे.

जोतीरामचा बाप अंगणात घोंगडीवर बसला होता. पांढऱ्या मिशांचा, ताठ. मोटार दारात आली तसा गल्लीतला माणूस न् माणूस गोळा झाला; शेंगांचे गाडीवानही. बापाने मोटारीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि कुणाला बसा म्हटलं नाही.

अण्णा उतरले. घसा साफ केला.

“तुमच्या जोतीरामनं तेल चोरलं न्हाई,” ते म्हणाले. “चूक माझ्या घरची होती.”

बापाने हात कानामागे नेला. “आँ?”

“तेल चोरलं न्हाई! चूक माझ्या घरची!”

“जरा मोठ्यानं बोला की, शेटजी. ऐकू येत न्हाई.”

अण्णांनी एकदा गल्लीभर पसरलेल्या लोकांकडे पाहिलं. मग छाती भरून घेतली आणि पेठेत ओरडले होते त्याच आवाजात ओरडले :

“तुमचा पोरगा प्रामाणिक हाय! मी त्याला चोर म्हणलो, ते माझं चुकलं! माझं!”

गल्लीच्या टोकाला गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली.  मग बापाने घोंगडीवर बाजूला सरकून हाताने जागा झटकली.

“बसा,” तो म्हणाला. “च्या टाकतीय पोरगी.”

चिंतामणराव मोटारीपाशी जोतीरामच्या शेजारी जाऊन उभे राहिले. “वडिलांना कधीपासून ऐकू येत नाही रे?”

“सकाळपास्नं,” जोतीराम म्हणाला, आणि बॉनेटवरची धूळ पुसू लागला.

परतीच्या वाटेवर चिंतामणरावांनी मनातल्या मनात नावेचं पान भरून काढलं. नानासोने मुंबईच्या मालाचं स्वप्न भरलं, रॉकेलसकट. भाऊसोने पायांनी भरलं, मिरजेपर्यंत आणि परत. कस्तुरीआक्कांनी प्रायश्चित्त म्हणून वर्षभर तेल खायचं सोडलं. त्यांच्या ताटात भाजी येईल ती नुसती उकडलेली, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. स्वतः चिंतामणरावांनी भरलं ते आगगाडीचं तिकीट, आणि शब्द तेवढा शाबूत घरी नेला.

सगळ्यात जास्त भरलं अण्णांनी, गल्लीभर ऐकू जाईल एवढं. आणि त्यांच्याही आधी, दारात बसून, कुणी मागितलं नसताना, जोतीरामने भरलं होतं. ते त्याला परत कुणी दिलं नाही. द्यायचं तर कशात द्यायचं, हे मोटारीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.